तुम्ही विचारलंत म्हणून : आई तुम्हाला ओळखते का?

नाशकात रविवार कारंजावर, भाजीबाजारात किंवा एखाद्या लग्नाच्या पंगतीत कोणी जुने परिचित भेटले, की चौकशीच्या दोन प्रश्नांनंतर तिसरा ठरलेला असतो : "आई तुम्हाला ओळखते का हो?" विचारणाऱ्याचा आवाज जरा खाली आलेला असतो आणि त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढेच ऐकायचे असते. आईचे वय ८६ आहे. अल्झायमरचे निदान होऊन सहा वर्षे झाली आणि या सहा वर्षांत माझी दोन्ही उत्तरे देऊन झाली आहेत. दोन्ही अर्धीच खरी होती. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आता जरा सविस्तर लिहितो.

मी ३४ वर्षे बँकेत होतो, त्यांतली बरीचशी काउंटरवर. रोजच्या खातेदाराचा चेक हातात आला, की सही बघताक्षणीच ओळखीची वाटे. अक्षरांचा तोच कल, शेवटी मारलेली तीच रेघ. पण सही ओळखीची वाटली म्हणून चेक पास करायचा नाही, कपाटातून नमुना सहीचे कार्ड काढून ताडून पाहायची, हे पहिल्याच आठवड्यात साहेबांनी बजावले होते. माणसाच्या डोक्यातही ही दोन कामे वेगळ्या टेबलांवर चालतात, हे मला आईच्या आजारपणात कळले. पहिले टेबल 'हे पाहिलेले आहे' एवढेच सांगते, पण क्षणात सांगते. दुसरे कपाटातून कार्ड काढते : कोण, कुठला, शेवटचा कधी भेटला, कोणाचा कोण. आपल्या भाषेने हा फरक केव्हाच करून ठेवला आहे. चेहरा 'ओळखीचा वाटतो' आणि माणसाची 'ओळख पटते'. आपण बोलताना ही दोन्ही कामे एकच धरतो, एवढेच.

जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये यासाठी बसमधल्या खाटकाचे उदाहरण दिले होते. बसमध्ये एक चेहरा दिसतो, तो ओळखीचा आहे याबद्दल शंका नसते, पण कोण ते काही केल्या आठवत नाही. मग केव्हा तरी उलगडते, की हा आपला खाटीक, याला दुकानाबाहेर आपण कधी पाहिलेलेच नाही. मला सोमेश्वरला आमचे इस्त्रीवाले सहकुटुंब भेटले, तेव्हा हेच झाले. मी चांगला दहा मिनिटे हवापाण्यावर बोललो आणि घरी येऊन कपड्यांचा गठ्ठा पाहिल्यावर माणूस आठवला. मी आता ६३ वर्षांचा आहे. वय वाढते तसे हे दुसरे, कार्ड काढणारे टेबल मंदावते आणि पहिले मात्र बरेचसे शाबूत राहते, असे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. तेव्हा एखादे नाव जिभेवर अडकले, की 'मलाही आईसारखे होणार' म्हणून मी आता घाबरत नाही. म्हणजे, कमी घाबरतो.

या घटत्या ताडणीचा परिणाम लोकांना वाटतो त्याच्या उलट होतो, हे सांगण्यासाठीच खरे तर मी लिहायला बसलो. म्हातारपणी माणसे परकी होत जातात असे आपण समजतो. आमच्याकडे पहिली तीन वर्षे सगळे जग ओळखीचे होत चालले होते. मेनरोडवरून जाताना आई रस्त्यातल्या अनोळखी बाईकडे बघून हसे आणि मला म्हणे, "ही आपल्या वाड्यातलीच ना?" वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली त्याला २२ वर्षे झाली. संध्याकाळच्या बातम्या सांगणाऱ्या मुलीला ती रोज "बस गं, उभी का?" म्हणत असे. तिची यात काही चूक नव्हती. ती मुलगी रोज दिसत होती, त्यामुळे ओळखीची वाटणे रास्तच होते. ती कुठे पाहिली हे सांगणारे कार्ड तेवढे सापडत नव्हते.

लॅरी जेकोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये केलेला एक प्रयोग मी तेव्हा वाचला. लोकांना साध्यासुध्या माणसांच्या नावांची यादी वाचायला दिली आणि दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध माणसांची नावे निवडायला सांगितली. कालच्या यादीतली काही नावे लोकांना प्रसिद्ध वाटली, कारण ती ओळखीची वाटत होती आणि आपण ती कालच वाचली आहेत याचा विसर पडला होता. पुढच्याच वर्षी जेन डायवन यांच्यासह केलेल्या अभ्यासात वृद्ध माणसे या चकव्याला तरुणांपेक्षा जास्त फसली. वाचताना मला आमच्या दारात आलेला पाण्याच्या फिल्टरचा विक्रेता आठवला. दोनदा आईने त्याला दारातूनच परत पाठवले. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा "हे आपल्याकडे नेहमी येतात" म्हणत तिने त्याला घरात घेतले, सरबत दिले आणि तीन हजार रुपये हातावर ठेवले. फिल्टर अजून यायचा आहे. दोन नकारांपैकी एकही तिच्याजवळ उरला नव्हता. उरली होती ती दोन वेळा चेहरा पाहिल्याची ओळख. घरात म्हातारे माणूस असेल तर 'त्याला सांगून ठेवले आहे' यावर भिस्त ठेवू नका.

ही झाली पहिली तीन वर्षे. पुढे आजाराने पहिल्या टेबलालाही हात घातला. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, तो कुठे-कधी-कोण यांची सांगड घालतो. त्याच्या लगतचा भाग नुसत्या ओळखीच्या भावनेचे काम बघतो, असे अनेक संशोधक मानतात. हाइको आणि एव्हा ब्राक या जर्मन दांपत्याने १९९१ मध्ये अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींत होणाऱ्या प्रथिनांच्या गुंत्यांच्या प्रसाराचे टप्पे मांडले, तेव्हा त्यांची सुरुवात याच परिसरात होते असे दिसले. आमच्याकडे ते दिवेलागणीला कळू लागले. गंगापूर रोडच्या ज्या फ्लॅटमध्ये ती २२ वर्षे राहते आहे, तिथे ती सहा वाजता पिशवीत टॉवेल, जपमाळ आणि चष्म्याची रिकामी डबी भरून दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, "चल आता, उशीर झाला. या लोकांना किती त्रास द्यायचा?" एकदा मी तिला खरोखरच जुन्या नाशकात, तांबट लेनपाशी, नेऊन आणले. तिथे गेल्यावर तिला सगळे आठवेल अशी माझी फार आशा होती. तिने रिक्षातून खाली पाय ठेवला नाही.

आणि मग गेल्या श्रावणातली ती संध्याकाळ. मी चहा घेऊन गेलो तर आई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाली, "तुम्ही दिसता अगदी माझ्या मुलासारखे. पण तो नाही तुम्ही." मला काही सुचेना. मी जिन्यात गेलो आणि तिथून घरच्या फोनवर फोन केला. तिने माझा आवाज ऐकताच विचारले, "कधी येतोस रे? इथे कोणी गृहस्थ आलेत, थेट तुझ्यासारखे. चहा चांगला केला त्यांनी."

याला कॅपग्राचा भ्रम म्हणतात. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ कॅपग्रा यांनी १९२३ मध्ये त्याचे वर्णन केले. नवरा आणि मुले तोतये आहेत असे त्यांच्या रुग्णाईतेला वाटे. याचा एक उलगडा असा, की चेहरा बरोबर जुळतो, पण आपले माणूस दिसल्यावर आतून जी ऊब उठायला हवी ती उठत नाही, आणि मन त्या उणिवेचा अर्थ 'हा तोतया' असा लावते. माझ्या भाषेत, सही तंतोतंत जुळते, तरी हात चेक पास करायला तयार होत नाही. व्ही. एस. रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टाइन यांनी १९९७ मध्ये वर्णिलेला एक तरुण रुग्ण समोरच्या आईवडिलांना तोतये म्हणे, पण फोनवर त्यांना आपलेच मानत असे. आवाजाची वाट वेगळी असते. आमच्या डॉक्टरांनी मात्र आधी लघवीची तपासणी करायला सांगितली, कारण म्हाताऱ्या माणसात असा बदल अचानक झाला तर त्यामागे साधा संसर्गही असू शकतो. तो होता. औषधाने ते दिवस बरेच निवळले, पूर्ण गेले नाहीत. तेव्हापासून मी खोलीत शिरण्याआधी बाहेरूनच बोलायला लागतो.

तर, ओळखते का? माझे नाव तिला गेल्या दिवाळीपासून आलेले नाही. मी मुलगा, भाऊ की 'ते बँकेतले', हे दिवसागणिक बदलते. पण अनोळखी माणसासमोर ती पदर सारखा करते आणि ताठ बसते. मी आलो की करत नाही. मी त्यालाच उत्तर धरतो.

तुम्ही घरी येणार असाल तर एकच विनंती आहे. "मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण!" हा आपल्याकडचा लाडका खेळ तिच्याशी खेळू नका. तिला उत्तर येत नाही हे तिला कळते, आणि मग ती उगाच हसते. ते हसू मला बघवत नाही. दारातूनच नाव सांगा, कोणाचे कोण ते सांगा, आणि बसा. ती चहाचे विचारील. दहा मिनिटांनी परत विचारील. पहिल्यांदा अर्धाच कप घ्या.