व्हॉल्व्हची तारीख मिळाली, पण मधल्या दिवसांत काय ठरवायचं?

हृदयाचा व्हॉल्व्ह म्हणजे झडप बदलायचं निघालं की घरात पहिला प्रश्न येतो, "मेटलचा की टिशूचा?" पाव्हण्यांपैकी एकजण मेटलचा जन्मभर टिकतो म्हणून सांगतो, दुसरा त्या गोळ्यांची कटकट नको म्हणतो, आणि चहाचे कप उचलेपर्यंत निकाल लागलेला असतो. त्याआधीचं विचारायचं मात्र राहून जातं. झडप कुठली, ती आवळलीय की गळतीय, आणि बदलल्याशिवाय भागणार नाही का?

हे टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर लिहिलेलं असतं. महाधमनीची म्हणजे एओर्टिक झडप निरोगी असताना ३ ते ४ चौरस सेंटीमीटर उघडते. ती १ किंवा त्याहून कमी उघडत असेल, रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर आणि सरासरी ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, ४० च्या वर असेल, तर आजार तीव्र समजतात. एक गंमत इथं ध्यानात ठेवा. मागच्या वर्षी ५५ असलेला ग्रेडियंट यंदा ३२ झाला म्हणून पेढे वाटू नका. हृदय थकलं की ते जोर लावू शकत नाही आणि आकडा आपोआप उतरतो. अशा वेळी डोब्युटामिन हे हृदयाचा जोर वाढवणारं औषध देऊन केलेला इको किंवा झडपेतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन खरं काय ते सांगतो. डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप गळत असेल तर फसगत उलट्या बाजूनं होते. "ईएफ ६० आहे, पंपिंग एक नंबर," असं लोक सांगतात. ईएफ म्हणजे दर ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा. पण गळतीत निम्मं रक्त मागे जाताना हृदयाला काम सोपं पडतं, म्हणून ईएफ वाढलेला दिसतो. तीव्र गळतीत ईएफ ६० किंवा त्याच्या खाली आला, किंवा आकुंचनाच्या वेळचा डाव्या खालच्या कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटरला पोचला, की त्रास नसला तरी ऑपरेशनचा विचार सुरू होतो.

त्रास नसण्याचंही तसंच. जोतिबाच्या पायऱ्यांवर दम लागायला लागला म्हणून गाडी वरपर्यंत न्यायची, रंकाळ्याची पुरी फेरी सोडून कट्ट्यावर बसायचं, माडीवरची खोली खाली आणायची, आणि ओपीडीत डॉक्टरांना सांगायचं, "काय त्रास न्हाई बघा." सहा महिन्यांपूर्वी जे जमत होतं आणि आता जमत नाही ते लिहून न्या. तारीख लवकर मिळायची की उशिरा, ते बऱ्याचदा यावरच ठरतं.

आपल्याकडं लहानपणीच्या सांधेतापानं, म्हणजे रुमॅटिक तापानं, खराब झालेल्या मायट्रल झडपा अजूनही बऱ्याच दिसतात. झडप फक्त आवळलेली असेल तर आधी बलूनचं विचारा. जपानच्या डॉ. इनोऊ यांनी १९८४ मध्ये ही पद्धत मांडली. मांडीच्या शिरेतून नळी वर नेतात, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात आणि फुगा फुगवून चिकटलेल्या पाकळ्या सुट्या करतात. फुग्याचं माप ठरवायचा हिशेब साधा आहे. उंचीला १० नं भागा आणि १० मिळवा. उंची १६० सेंटीमीटर असेल तर २६ मिलिमीटर. पाकळ्या किती जाड, किती कडक, कॅल्शियम किती यावर १६ पैकी गुण देतात. ८ किंवा कमी असतील तर फुगा चांगला चालतो. डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गाठ असेल किंवा गळती मध्यम किंवा त्याहून जास्त असेल तर तो करत नाहीत. गाठ आहे की नाही ते घशातून केलेल्या इकोत नीट कळतं. असली तर काही महिने रक्त पातळ करून पुन्हा बघता येतं. धोका आहे तो पाकळी फाटण्याचा. मग मोठी गळती होऊन तातडीनं ओपन हार्टला न्यावं लागतं, म्हणून सर्जन जवळ असलेल्या ठिकाणीच हे करून घ्या. काही वर्षांनी झडप पुन्हा आवळू शकते. पण पंचविशीतल्या बाईची ही वर्षं कृत्रिम झडपेशिवाय गेली तर ती मोठीच कमाई.

गळतीत दुरुस्तीचा पर्याय बदलण्याआधी येतो. झिजून लोंबणाऱ्या मायट्रल झडपेत दुरुस्ती सहसा बदलण्यापेक्षा सरस ठरते. रुमॅटिक झडपेत ती अवघड जाते आणि सर्जनच्या हातावर फार अवलंबून असते.

आता मेटल आणि टिशू. मेटलचा म्हणजे मेकॅनिकल व्हॉल्व्ह झिजत नाही, पण त्यावर रक्त गोठतं. म्हणून ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन जन्मभर. हल्ली मिळणाऱ्या रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या, डॅबिगाट्रान, एपिक्साबान वगैरे, इथं चालत नाहीत. दोन्हींची मेकॅनिकल व्हॉल्व्हवर चाचणी झाली आणि दोन्ही चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेला चित्रा व्हॉल्व्ह १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा बसवला गेला. तोही मेकॅनिकलच, त्यामुळे गोळीचा नियम त्यालाही लागू.

टिशूचा व्हॉल्व्ह गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून करतात. घरात याची अडचण असेल तर आधीच बोला, भूल द्यायच्या टेबलावर नको. त्याला सहसा तीन ते सहा महिनेच रक्त पातळ ठेवावं लागतं. साठीच्या पुढच्या माणसाला तो १० ते १५ वर्षं साथ देतो. तरुण शरीरात मात्र त्यावर कॅल्शियम लवकर साचतं आणि दुसरं ऑपरेशन ठरलेलंच. ढोबळ हिशेबानं एओर्टिकला पन्नाशीच्या आत मेकॅनिकल, पासष्टीच्या पुढं टिशू, आणि मधल्यांनी बसून बोलायचं. मायट्रलला मेकॅनिकलची बाजू पासष्टीपर्यंत ओढतात.

बसून बोलायचं म्हणजे काय बोलायचं? माझ्या मते व्हॉल्व्हच्या किमतीआधी पीटी-आयएनआर तपासणीचं बोला, म्हणजे गोळीनं रक्त किती पातळ झालंय ते सांगणाऱ्या आकड्याचं. एओर्टिक मेकॅनिकलला आयएनआर साधारण २ ते ३ आणि मायट्रलला २.५ ते ३.५ ठेवावा लागतो. सुरुवातीला दर काही दिवसांनी रक्त द्यायचं, मग आठवड्याला, आकडा स्थिर झाला की महिन्याला. शिवाजी पेठेतल्या माणसाला हे चालत जाऊन जमतं. गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या वाडीवरच्या माणसाचा दर खेपेला एक रोजगार बुडतो, मग तपासणी लांबते. आयएनआर १.४ वर घसरला तर व्हॉल्व्ह अडकतो किंवा गाठ सुटून मेंदूत जाते, ६ वर गेला तर रक्तस्राव. महिन्यातून एकदा रक्त देणं खरंच जमणार नसेल तर चाळिशीतही टिशूचा विचार करणं चूक नाही, दुसऱ्या ऑपरेशनची तयारी ठेवून.

गोळी संध्याकाळी एकाच वेळी घ्या. सकाळी रक्त दिलं तर त्याच रात्रीचा डोस बदलता येतो. चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये द्या. मेथी, पालक, चाकवत बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. थंडीत भाजी स्वस्त झाली म्हणून आठवडाभर चाकवतच खाल्ला तर आयएनआर उतरतो, आणि नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास केला तर चढतो. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, को-ट्रायमोक्साझोल यांनी तो झपाट्यानं वर जातो. टीबीच्या रिफाम्पिसिननं खाली येतो. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन नको.

मूल हवं असलेल्या स्त्रीनं हे लग्नाआधी किंवा निदान दिवस राहण्याआधी उघड बोलावं. पहिल्या तिमाहीत ही गोळी गर्भाला घातक ठरू शकते, आणि ती थांबवून हेपरिन हे रक्त पातळ करायचं इंजेक्शन घेतलं तर व्हॉल्व्हवर गाठ धरायची भीती. सासूबाईंच्या सल्ल्यानं गोळी परस्पर बंद करणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

व्हॉल्व्हचा नंबर, म्हणजे मिलिमीटरमधलं मापही विचारा. तालमीतल्या दणकट गड्याला १९ नंबरचा बसवला तर नवी झडपही अंगाला अपुरीच पडते. जागा लहान असेल तर महाधमनीचं मूळ मोठं करून मोठा नंबर बसवता येतो का, हे सर्जनला आधी विचारायचं. टिशूचा असेल तर पुढं त्याच्या आत दुसरा बसवायलाही मोठा नंबरच उपयोगी.

आता टावी, म्हणजे छाती न उघडता मांडीतून नळीनं बसवायचा एओर्टिक व्हॉल्व्ह. पहिला २००२ मध्ये फ्रान्समध्ये बसला, आता आपल्याकडं वापीची मेरिल कंपनीही असा व्हॉल्व्ह बनवते. सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढं पारडं त्याच्याकडं झुकतं, पासष्टीच्या आत ऑपरेशनकडं. तो झडपेतल्या कॅल्शियमला धरून बसतो, म्हणून मऊ रुमॅटिक झडपेत त्याची पकड बसत नाही. पेसमेकर लागण्याची शक्यता यात जास्त, हे खर्चाच्या हिशेबात धरा.

खर्चावरून एक. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच बघा, एका काना-मात्रेवर मंजुरी अडते. योजना कॅशलेस आहे, म्हणून पैसे भरण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, गाठा आणि पॅकेजमध्ये कुठला व्हॉल्व्ह बसतो ते विचारून घ्या.

वाट बघताना जेवण. मीठ दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा, ५ ग्रॅम. तिखट सोसतं, मीठ नाही. मिसळीचा कट, तांबडा-पांढरा, लोणचं, पापड, फरसाण, यांतच ते संपतं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, फोन करा. एओर्टिक आवळलेल्यांनी मात्र लॅसिक्स ही लघवीची गोळी मनानं वाढवू नये, पाणी कमी पडून चक्कर येते. त्यांच्यासाठी दुसरी सूचना याहून मोठी आहे. छातीत दुखलं की गल्लीत कुणीतरी जिभेखाली सॉर्बिट्रेट द्यायला धावतो. आवळलेल्या झडपेतून रक्त जास्त सुटत नाही, आणि गोळीनं रक्तवाहिन्या सैल पडल्या की दाब कोसळतो. खिशात चिठ्ठी ठेवा: "एओर्टिक झडप आवळली आहे, सॉर्बिट्रेट देऊ नका."

दात आत्ताच दाखवा. किडलेला दात नव्या व्हॉल्व्हला जंतू पुरवतो, म्हणून काढायचे ते ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधी काढून जखम भरू द्या. मिश्री, तंबाखू बंद. व्हॉल्व्ह बसल्यावर दाताच्या कामाआधी तासभर अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, ॲलर्जी असेल तर दुसरं औषध.

रुमॅटिक असेल तर दर २१ दिवसांचं पेनिसिलिन, १२ लाख युनिट, व्हॉल्व्ह बदलला म्हणून थांबत नाही. ते उरलेल्या झडपांसाठी असतं. झडप फारच आवळलेली किंवा पंपिंग फार कमी असेल तर इंजेक्शनऐवजी गोळ्या घ्यायच्या का ते डॉक्टरांना विचारा. सुईच्या झटक्यानं अशांचा रक्तदाब कोसळू शकतो.

तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल आणि कोल्हापूरहून पुण्या-मुंबईला जायचं असेल तर पंचगंगेकडं लक्ष ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. चार दिवस आधी निघा, आणि घरात तीन आठवड्यांच्या गोळ्या असू द्या.

चक्कर येऊन पडणं, रात्री उठून बसावं लागणं, आडवं झालं की धाप, यांपैकी काहीही झालं तर तारखेची वाट बघू नका. आणि ताप तीन दिवसांवर टिकला तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात अँटिबायोटिकचा कोर्स सुरू करायच्या आधी तीन ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायच्या तपासण्या, द्या. एकदा गोळी पोटात गेली की झडपेवर बसलेला जंतू कल्चरमध्ये सापडणं अवघड होतं.