ओला माल: पाइपचा फ्लेक तंबाखू शिकताना

पाइप मी आधीही ओढून पाहिला होता. व्हॅनिला नाहीतर चेरीच्या वासाचा मोकळा तंबाखू पाउचमध्ये मिळतो, तो. खोलीभर वास छान सुटतो, तोंडात मात्र गरम वाफेखेरीज फारसं काही लागत नाही. फ्लेक, म्हणजे दाबलेल्या पानांच्या वडीचा काप, हातात आला तेव्हा कळलं की पानाला स्वतःची चव असते. फक्त ती सहजासहजी मिळत नाही. डबा उघडला, भरला, पेटवला असं इथे चालत नाही. ते सगळं अंगवळणी पडायला मला एक हिवाळा आणि एक उन्हाळा लागला.

मी मूळचा निपाणीचा. आमच्याकडे तंबाखू म्हणजे विडीचा तंबाखू. पान शेतातच उन्हात वाळवायचं, मग कुटून, चाळून त्याचा जर्दा करायचा. वडील, म्हणजे आप्पा, वखारीत दिवाणजी होते. माल बघायचा तर चिमूटभर जर्दा तळहातावर घ्यायचा, अंगठ्याने रगडायचा आणि हुंगायचा, ही पद्धत मी लहानपणापासून बघत आलो. नाकात झिणझिण्या आल्या की माल कडक, म्हणजे चांगला. तंबाखू गोड असू शकतो ही कल्पनाच आमच्या गावात कुणाला पटली नसती.

हा गोडवा येतो कुठून, हे आधी समजून घेतलं आणि मग बरंच काही सोपं झालं. फ्लेकमध्ये मुख्यतः व्हर्जिनिया तंबाखू असतो. त्याची पानं तोडल्यावर बंद कोठारात टांगतात आणि धूर न लागू देता गरम हवेवर वाळवतात. सुरुवातीला मंद उष्णता असते. तेव्हा पान पिवळं पडतं आणि त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग उष्णता वाढवून पान झटपट सुकवलं की ती साखर आत तशीच राहते. सावलीत आठवडेच्या आठवडे वाळणारं पान मात्र जिवंत असतं तोवर बरीचशी साखर स्वतःच खाऊन टाकतं. ही रीत सापडल्याची गोष्ट 1839 सालची सांगतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल काउंटीत अबिशा स्लेड नावाच्या जमीनदाराकडे स्टीफन हा गुलाम तरुण कोठाराचा जाळ सांभाळत होता. जाळ विझत आला म्हणून त्याने लोहारकामाचा कोळसा घातला, उष्णता एकदम वाढली आणि पानं पिवळीधमक निघाली. नाव झालं मालकाचं. आपल्याकडे आंध्रात आणि म्हैसूर भागात पिकणारा व्हर्जिनियाही अशाच कोठारांत वाळतो. निपाणी आणि म्हैसूर एकाच कर्नाटकात, पण या दोन तंबाखूंची तोंडओळखसुद्धा नाही.

फ्लेक म्हणजे अशा पानांना ओलावा देऊन, थरावर थर रचून, प्रेसमध्ये दाबून केलेल्या वडीचे पातळ काप. दाब आणि उष्णता जितकी जास्त, तितका रंग गडद आणि चव खोल. जहाजावरचे खलाशी पानं घट्ट गुंडाळून, त्यावर दोरी आवळून ठेवायचे आणि लागेल तसे सुरीने काप काढायचे. विल्सच्या डब्यांवरचं ‘नेव्ही कट’ त्याच परंपरेतून आलं.

मी राहतो इंग्लंडच्या उत्तर भागात, तिथून केंडल जवळ. तलावांच्या प्रदेशाच्या तोंडाशी असलेलं, करड्या चुनखडी दगडाच्या घरांचं हे गाव. या डोंगराळ भागात तंबाखूचा धंदा का वाढला, याचं मला आधी नवल वाटायचं. पण अठराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हाइटहेवन बंदरात व्हर्जिनियाहून तंबाखूची जहाजं लागत आणि चक्क्या फिरवायला इथे नदीचं पाणी होतं. 1792 मध्ये टॉमस हॅरिसन स्कॉटलंडहून तपकीर दळायची यंत्रं घेऊन आला आणि तिथून सुरुवात झाली. पुढे याच धंद्यातून गॉविथ घराण्याच्या दोन कंपन्या उभ्या राहिल्या: सॅम्युएल गॉविथ आणि गॉविथ हॉगार्थ. तपकीर आणि पाइपचा तंबाखू दोन्ही करणाऱ्या. लोथर स्ट्रीटवरच्या जुन्या तपकिरीच्या कारखान्यावरची तुर्काची रंगीत मूर्ती बघताना माझ्या मनात आजीची तपकिरीची डबी होती. दोन टोकांची दोन गावं, एकाच पानावर जगलेली.

सॅम्युएल गॉविथच्या ‘फुल व्हर्जिनिया फ्लेक’चा डबा मी घेतला. नावाप्रमाणे निव्वळ व्हर्जिनिया. झाकण निघालं की आधी आंबूस वास येतो, व्हिनेगरच्या अंगाने जाणारा, आणि तो विरला की मागून सुकलेल्या मनुकांचा. आत गडद तपकिरी, जवळजवळ काळे, लांब काप एकावर एक रचलेले. एक काप सोडवून उजेडासमोर धरला तर पानांचे थर दिसतात. मधूनच एखादी सोनेरी रेघ, एखादी शीर आडवी कापलेली. बोटाला चिकटपणा लागतो. आणि तो ओला असतो, चांगलाच ओला.

व्हिडिओ कॉलवर आप्पांना तो काप दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून नीट पाहिलं आणि म्हणाले, “अरे, ह्यो तर ओला माल हाय. असला वखारीत आला असता तर परत धाडला असता आम्ही.”

“आप्पा, इथे असाच विकतात. घरी वाळवायचा.”

“मग वाळीव. पर उन्हात नगं टाकू, पानाचा जीव जातोय.”

सगळ्या माहितगारांनी लांबलचक लिहून जे समजावलं होतं, ते आप्पांनी एका वाक्यात सांगितलं. फ्लेकचं निम्मं काम वाळवण्यात आहे. ओला काप पेट धरत नाही. धरलाच तर आगीच्या आधी पाण्याची वाफ होते, ती वाफ जीभ पोळते, आणि जळता ठेवायला जोरात ओढत राहिलं की आणखी पोळते. म्हणून मी काप सुटे करून साध्या कागदावर पसरून ठेवतो. उन्हात नाही, रेडिएटरवरही नाही. हीटर चालू असलेल्या घरात तासाभरात काम होतं, पावसाळी दिवसांत दुपार जाते. घड्याळापेक्षा बोटांवर विसंबावं. काप चिमटीत दाबला तर तंतू एकमेकांना चिकटून राहायला नकोत, आणि वाकवला तर वाकावा पण घडीवर किंचित फुटावा. चुरा होत असेल तर तो जास्त वाळला आणि अर्धी चव उडाली. वखारीतलं रगडून बघणं इथे कामी आलं, हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं.

आता भरायचं कसं यावर दोन तट आहेत. एक म्हणतात काप तळहातांत चोळून मोकळा करा. दुसरे म्हणतात काप लांबीने दुमडा, पुन्हा अर्धा दुमडा, हलका पीळ द्या आणि तसाच बाऊलमध्ये, म्हणजे पाइपच्या वाटीत, बसवा, वर थोडा मोकळा चुरा पेटवणापुरता. दोन्ही करून पाहिलं. चोळलेला सहज पेटतो, पण लवकर जळतो आणि गरम होतो. दुमडलेला पेटायला त्रास देतो, पण एकदा लागला की संथ जळतो आणि चव थरांतून उलगडत येते. शिकणाऱ्याने चोळूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे. मी पुढे दुमडण्याकडे वळलो ते चवीसाठी. भरताना सैल ठेवायचा, कारण दाबलेलं पान उष्णतेने फुगतं. न पेटवता ओढून पाहिल्यावर हवा अगदी थोड्या अडथळ्याने यायला हवी. बाऊल उंच आणि अरुंद असेल तर फ्लेकला बरं. पाइप ब्रायरचा, म्हणजे भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते तिच्यातून कोरलेला.

पेटवताना काडीचं गुल पूर्ण जळू द्यायचं, नाहीतर पहिल्याच झुरक्याला गंधक तोंडात. मग ज्योत गोलाकार फिरवत हळूहळू ओढायचं. वरचा थर फुगून उभा राहतो. तो टॅम्परच्या, म्हणजे तंबाखू बसवायच्या छोट्या दांडीच्या, नुसत्या वजनाने खाली बसवायचा, दाबायचा नाही. पुन्हा काडी. ही दुसरी पेटवण खरी.

इथून पुढे झुरका किती घ्यायचा हा सगळा प्रश्न. गरम चहाचा पहिला घोट घेतो तेवढाच, त्याहून जास्त नाही. धूर छातीत ओढायचा नसतो. तोंडात फिरवायचा आणि सोडायचा. बाऊल गालाला लावून बघायचं, चटका बसला तर खाली ठेवून द्यायचं. विझला तर विझला, पुन्हा पेटवायचा. चांगले मुरलेले लोकही एका पाइपला अनेक काड्या लावतात. मधेच गुडगुड आवाज आला तर देठातून पाइप क्लीनर घालून ओल टिपायची. मात्र गरम पाइप खोलायचा नाही, लाकूड आणि दांडा यांचा सांधा सैल होतो.

आणि मग चव. पहिला एक तृतीयांश हिस्सा वाळलेल्या गवताचा, थोडा आंबट, थोडा तिखट. अनेकजण इथेच निराश होतात, मीही इथे बराच काळ अडकलो होतो. बाऊल निम्म्यावर आला की आग खालच्या, तापून निवलेल्या तंबाखूत पोचते आणि गोडवा वर येतो. साखर घातल्यासारखा नाही. काकवीला असतो तसा, गोडाच्या मागे किंचित कडवट, किंचित धुरकट. एखाद्या झुरक्याचा थोडासाच धूर तोंडातूनच नाकावाटे सोडला की मनुका, भाजलेली धान्यं, थोडी मिरी असं एकेक वेगळं होतं. पहिल्यांदा हे नीट लागलं तेव्हा मी मागच्या अंगणात, छत्रीखाली, मार्चच्या थंडीत होतो. थंडीचा पत्ता राहिला नव्हता. निपाणीत लहानपण गेलं, घरदार तंबाखूवर चाललं, आणि पानात हे असतं हे मला चाळिशीत समजलं. त्याचा आनंद तर होताच, पण थोडी हुरहूरही होती. इतक्या पिढ्या हे पान पिकवणाऱ्या, कुटणाऱ्या आपल्या माणसांच्या वाट्याला त्याचा फक्त कडकपणा आला.

त्यांच्या वाट्याला आणखी काय आलं तेही निपाणीच्या माणसाला सांगावं लागत नाही. दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बायका, वखारीतल्या हमालांचा खोकला. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले आणि गोळीबारात माणसं गेली. आमच्या घरात ते कधीच विसरलं गेलं नाही. म्हणून स्पष्ट लिहितो: पाइप निरुपद्रवी नाही. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा, घशाचा कर्करोग पाइपने होतो, फुप्फुसांचाही धोका वाढतो आणि निकोटिनची सवय लागते. जो तंबाखू घेत नाही त्याने हे वाचून सुरू करू नये, असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः शनिवारी संध्याकाळी, जेवणानंतर, घराबाहेर एकच बाऊल ओढतो आणि ती मर्यादा ओलांडत नाही. दंतवैद्याकडे तोंडाची तपासणीही चुकवत नाही.

जेवणानंतर म्हणतोय त्याला आणखी कारण आहे. व्हर्जिनियात साखर जास्त, त्यामुळे धूर आम्लधर्मी असतो आणि तोंडातून निकोटिन कमी शोषलं जातं. बर्ली (हवेवर वाळवलेला, कमी साखरेचा तंबाखू) किंवा धुरावर वाळवलेल्या गडद पानांचं तसं नाही. केंडलचाच ‘1792 फ्लेक’ धुरावरच्या पानांचा, टोंका बीन या सुगंधी बीच्या वासाचा आणि दमदार. रिकाम्या पोटी असा तंबाखू घेतला तर घाम, उचकी आणि मळमळ ठरलेली. तसं झालं तर पाइप ठेवून द्यायचा, बसायचं आणि काहीतरी गोड खायचं.

बाकीचे फ्लेक थोडक्यात. डेन्मार्कचा ‘ऑर्लिक गोल्डन स्लाइस्ड’ फिकट, हलका आणि डब्यातून फारसा ओला निघत नाही, म्हणून नवख्याला तोच सांगेन. व्हर्जिनियात पेरिक मिसळलेले फ्लेक मला सगळ्यांत आवडतात. पेरिक हा लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्याचा, पिंपात स्क्रूच्या दाबाखाली सुमारे वर्षभर आंबवलेला. मिरी आणि अंजिराच्या अंगाने जाणारा, आणि थोडा घातला तरी पुरे. निव्वळ व्हर्जिनियाचे न उघडलेले डबे ठेवले तर वर्षागणिक मुरतात आणि गडद होतात. इथे करामुळे डबा महाग पडतो, तरी दरवर्षी एखादा घेऊन, तारीख लिहून कपाटात टाकतो.

शेवटचा प्रश्न वासाच्या फ्लेकचा. ‘एनरडेल’सारख्या केंडलच्या काही फ्लेकमध्ये फुलांचे अर्क असतात. काहींना तो अत्तराचा, साबणाचा वास सहन होत नाही, मला आवडतो. पण तो ब्रायरमध्ये असा मुरतो की पुढचे कितीतरी बाऊल साध्या व्हर्जिनियालाही त्याचाच वास येतो. त्याकरता मिझुरीतल्या वॉशिंग्टन गावात 1869 पासून होणारा मक्याच्या कणसाचा स्वस्त पाइप वेगळा ठेवावा. एनरडेल मी फक्त त्यातच भरतो.