मेलरोज, ड्रायबरा, जेडबरा: परवान्यावरच्या तारखेने खाल्लेले दोन तास

स्कॉटलंडमधल्या एडिनबराहून सकाळी निघून मेलरोज, ड्रायबरा आणि जेडबरा हे तीन भग्न ख्रिस्ती मठ बघायचे आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत होता. अंतरं बघता हे सहज जमतं. एडिनबरा ते मेलरोज साधारण ६० किलोमीटर, तासाभराचा रस्ता. पुढचे दोन्ही मठ तिथून जवळच. तरी आमचा जेडबराचा मठ हुकला, आणि तो भाड्याची गाडी घेताना काउंटरवरच हुकला. भारतातून जाणाऱ्या कोणाचंही तिथे अडू शकतं, म्हणून ते आधी आणि सविस्तर लिहितो.

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये पोहोचल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. हा झाला कायदा. गाडी देणारी कंपनी वर स्वतःच्या अटी घालते, आणि त्यातली एक नेहमीची अट म्हणजे परवाना किमान एक वर्ष जुना हवा. माझा परवाना कित्येक वर्षांचा, पण नूतनीकरण सात महिन्यांपूर्वीचं. नूतनीकरणानंतर आरटीओकडून जे नवं कार्ड येतं त्यावर ‘इश्यू डेट’ म्हणून नवी तारीख असते. काउंटरवरच्या माणसाने तीच तारीख भरली आणि संगणकाने बुकिंग नाकारलं. मागे रांग, शेजारी बॅगा घेऊन उभी मुलं, आणि समोर ‘सिस्टिम घेत नाही’ एवढंच उत्तर.

जुनी तारीख कार्डावरच असते, फक्त ती कुठे बघायची हे समोरच्याला माहीत नसतं. तीन जागा लक्षात ठेवा. नव्या कार्डांवर ‘डेट ऑफ फर्स्ट इश्यू’ वेगळी छापलेली असते, बारीक अक्षरात. वाहनाच्या प्रकारापुढे, म्हणजे ‘एलएमव्ही’ (हलकं मोटार वाहन) याच्यापुढे, त्या प्रकाराचा परवाना कधी मिळाला ती तारीख असते. आणि परवान्याच्या क्रमांकातच वर्ष असतं: एमएच, मग आरटीओचे दोन आकडे, त्यापुढचे चार आकडे म्हणजे पहिल्यांदा परवाना मिळाल्याचं साल. हे सगळं मी बोट ठेवून दाखवलं. त्याला पटलंही, पण तारीख बदलण्याचा अधिकार फक्त सुपरवायझरला, आणि सुपरवायझर यायला चाळीस मिनिटं.

आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे आयडीपी सोबत होता. त्याचा इथे काडीचा उपयोग झाला नाही, कारण त्यावर तो दिल्याचीच ताजी तारीख असते. आयडीपी घ्याच, एक हजार रुपये आणि एक वर्षाची मुदत, बऱ्याच कंपन्या मागतात. पण गाडी चालवण्याचा अनुभव किती, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी परवान्यांच्या सरकारी सारथी पोर्टलवरून ‘डीएल एक्स्ट्रॅक्ट’, म्हणजे आपल्या परवान्याच्या नोंदींचा उतारा, काढा आणि कागदावर छापून न्या. मोबाइलवरचा डिजिलॉकर आमच्या काउंटरवर बघायलाही कोणी तयार नव्हतं. मूळ कार्ड आणि कागद, एवढंच तिथे चालतं असं धरून चला.

परवान्याचं सुटलं तर अनामत रकमेवर अडलं. ही रक्कम कापून घेत नाहीत, क्रेडिट कार्डावर रोखून ठेवतात, आणि ती काही शे पौंडांची असते. कार्ड क्रेडिटच हवं आणि ते ज्याच्या नावावर बुकिंग, म्हणजे जो गाडी चालवणार, त्याच्याच नावाचं हवं. नवरा-बायकोचं एकमेकांचं कार्ड चालत नाही. आमचं कार्ड योग्य नावाचं होतं, पण बँकेच्या ॲपमध्ये परदेशातल्या व्यवहारांची मर्यादा कमी ठेवलेली. ती वाढवायला ओटीपी लागला, ओटीपीसाठी भारतातलं सिम, आणि ते सिम रोमिंगविना बंद. मर्यादा घरून निघण्यापूर्वीच वाढवा आणि भारतातल्या नंबरवर किमान एसएमएस येईल एवढं रोमिंग चालू ठेवा.

यातलं काहीही बुकिंगच्या वेळी विचारलं गेलं नव्हतं. चालकाचं वय विचारलं, परवान्याची तारीख नाही. पैसे घेताना हा एक रकाना ठेवला असता तर आमचे दोन तास वाचले असते. त्याचा राग अजून आहे.

मुलांच्या सीटचंही इथेच सांगतो. ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, जे आधी होईल तोवर, चाइल्ड सीट बंधनकारक आहे. बुकिंगमध्ये सीटवर खूण केली म्हणजे ती मिळेलच असं नाही, आदल्या दिवशी फोन करून विचारा. बसवायची मात्र स्वतःच.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ए-६८ धरायचा, गाडी आपल्यासारखीच डावीकडून. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. वेग मैलांत, आणि या भागातल्या गावांमध्ये बहुतेक ठिकाणी मर्यादा २० मैलांची.

मेलरोजचा मठ स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याने ११३६ मध्ये सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंसाठी स्थापला. १३८५ मध्ये इंग्रजांनी तो जाळला, आणि आज उभ्या असलेल्या लालसर दगडाचा मोठा भाग त्यानंतरच्या बांधणीचा आहे. रॉबर्ट द ब्रूस या स्कॉटिश राजाचं धड डनफर्मलिन गावी आणि हृदय इथे पुरलं, असं मानतात. ते हृदय जिच्यात असल्याचं मानतात ती शिशाची डबी १९२१ मध्ये सापडली, १९९६ मध्ये पुन्हा काढून तपासली आणि १९९८ मध्ये परत पुरली. त्या जागी गवतात एक गोल दगड आहे. दक्षिणेच्या अंगाला जाऊन छताची कड न्याहाळा: पावसाचं पाणी बाहेर फेकणाऱ्या दगडी पन्हळींमध्ये बॅगपाइप वाजवणारं एक डुक्कर आहे. साध्या डोळ्यांना ते पटकन सापडत नाही, मोबाइलचा झूम वापरा. अशा वास्तूंच्या उंचावरच्या दगडांची तपासणी गेली काही वर्षं चालू आहे, त्यामुळे काही भाग कुंपणाआड असू शकतो. तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवशी काय उघडं आहे ते बघा.

ड्रायबराला जाताना सरळ रस्ता सोडून बी-६३५६ घ्या. वाटेत स्कॉट्स व्ह्यू लागतो: खाली ट्वीड नदीचं वळण, पलीकडे ईल्डन टेकड्यांची तीन शिखरं. दहा मिनिटं थांबण्याजोगी जागा आहे.

तिन्हींत मला ड्रायबरा सर्वांत आवडलं. नदीने तीन बाजूंनी वेढलेलं, गावापासून दूर, मोठी झाडं. चर्चचं फारसं काही उरलेलं नाही, पण साधूंची सभेची खोली, चॅप्टर हाउस, छतासकट शाबूत आहे. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या. मग भिंतीवरच्या गिलाव्यावर जुन्या रंगकामाच्या फिकट खुणा दिसू लागतात. मोबाइलचा दिवा समोरून मारला तर काही दिसत नाही, बाजूने तिरपा धरा. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांची कबरही इथेच आहे, ते १८३२ मध्ये गेले. हिरवळीवर बसून डबा खायला हीच जागा ठेवा.

जेडबराला पोहोचलो तेव्हा शेवटचा प्रवेश होऊन गेला होता. फलकावर बंद होण्याची वेळ लिहिलेली असते, पण प्रवेश साधारण अर्धा तास आधीच थांबतो. छत नसलं तरी या चर्चच्या भिंती जवळजवळ पूर्ण उंचीच्या उभ्या आहेत, त्यामुळे रस्त्यावरूनही कमानींच्या एकावर एक तीन रांगा दिसतात. तेवढं बघून परत फिरलो. पुन्हा जायचं झालं तर मी सकाळी आधी जेडबरा करेन आणि परतीच्या वाटेवर मेलरोज. मेलरोज एडिनबराच्या अधिक जवळ आहे, आणि उशीर झाला तरी तिथे गावात फिरायला आणि खायला काही तरी आहे.

एक राहिलंच. गाडी अजिबात मिळाली नाही तर दिवस सोडून देऊ नका. एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून ट्वीडबँकची रेल्वे आहे, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालेली, तासाभराच्या आत पोहोचवते. तिथून मेलरोज तीनेक किलोमीटर, बस मिळते किंवा चालतही जाता येतं. ड्रायबरासाठी बसने जाऊन सेंट बॉसवेल्स गावी उतरून नदीवरच्या पादचारी पुलावरून पलीकडे चालत जायचं, मात्र परतीच्या बसची वेळ आधी लिहून घ्या.