जिंतूर ते एझिमला : नौदलाची वैमानिक होताना

"समुद्र पाहिलाय का?"

एसएसबी म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणारं मंडळ. त्याच्या मुलाखतीत हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. आमचं गाव जिंतूर तालुक्यात. उन्हाळ्यात टँकर आला की हंडे घेऊन धावायचं, त्यातच मोठी झाले. मी खरं ते सांगितलं, "नाही सर. सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते पैठणचा नाथसागर. धरण भरलेलं असलं की पलीकडचा काठ दिसत नाही." ते काही बोलले नाहीत, फक्त लिहून घेतलं.

ही माझी दुसरी खेप. पहिल्या वेळी नांदेडहून इंजिनिअरिंग संपवून गेले आणि पहिल्याच दिवशी परत आले. पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. गोष्ट मला सुचली होती, पण सगळे एकदम इंग्रजीत सुरू झाले आणि मी तोंडच उघडलं नाही. परतीच्या सचखंड एक्स्प्रेसमध्ये भोपाळपासून परभणीपर्यंत मी नीट झोपले नाही. पुढचे सात महिने रोज मैत्रिणीला फोनवर इंग्रजीत बातम्या सांगायचे. व्याकरण चुकायचं, पण थांबायचं नाही एवढंच ठरवलं होतं.

दुसऱ्या वेळी पाचही दिवस टिकले. मुलाखतीत विचारलं, कोणत्या अधिकाऱ्याबद्दल वाचलंस? मी अ‍ॅडमिरल ताहिलियानींचं नाव घेतलं. 18 मे 1961 रोजी विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं ते त्यांनी, तेव्हा ते लेफ्टनंट होते. 1984 मध्ये तेच नौदलप्रमुख झाले. मग अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश. माणूस नौदलाचा, पण 1971 च्या युद्धात हवाई दलाच्या 20 स्क्वाड्रनमधून हंटर विमानं उडवली आणि वीरचक्र मिळवलं. 2004 मध्ये तेही नौदलप्रमुख झाले.

"मग चांगलं उडवता आलं की अ‍ॅडमिरल होता येतं?"

हा प्रश्न मला आवडला, कारण याचं उत्तर मी खरोखर शोधलेलं होतं. नुसतं उडत राहून नाही होता येत. अरुण प्रकाश पुढे विराटचे कॅप्टन होते. ज्या जहाजावरून विमानं उडतात ते जहाजच त्यांच्या हाती होतं. नौदलातला वैमानिक आधी दर्यावर्दी असतो. माझी भरती शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठराविक वर्षांची, आधी दहा वर्षं, वाढवून मिळाली तर आणखी चार. एवढ्या काळात मी कुठवर जाईन ते मला सांगता येणार नाही, तेही मी तिथं बोलले. शिकायचं मात्र त्यांच्यासारखं, म्हणजे विमानही आणि पाणीही.

निवड झाली, पण खरी धाकधूक पुढे होती. वैमानिक निवडायची सीपीएसएस नावाची कॉम्प्युटरवरची चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की ते दार कायमचं बंद. ती मी म्हैसूरला दिली. आधी विमानाच्या घड्याळांसारखी यंत्रं वाचायची लेखी परीक्षा, मग मशीन. उजव्या हातात जॉयस्टिक, पायाखाली पेडल. पडद्यावरचा ठिपका सारखा निसटतो, तो जागेवर आणायचा. मधेच दिवा लागतो, तो डाव्या हाताने बंद करायचा. सरावाच्या वेळी ठिपका डावीकडे गेला की मी जोरात उजवीकडे ओढायचे, मग तो आणखी लांब पळायचा. तळहाताला घाम आला होता.

तेव्हा अप्पांची आठवण झाली. बारावीच्या सुट्टीत पेरणीला एकदा मी तिफण धरली होती आणि तास वाकडा गेला. अप्पा मागून म्हणाले होते, "रुमण्यावर भार देऊ नको बाई, नुसता हात ठेव." मी मूठ सैल केली. ठिपका थरथरला, पण फार लांब गेला नाही. संध्याकाळी निकाल सांगितला आणि पास झालेल्यांत माझा नंबर ऐकला तेव्हा पाय लटपटत होते.

वैद्यकीय तपासणीला फार लिहिण्यासारखं नाही. वैमानिकाच्या पायाची, मांडीची आणि बसल्यावरची उंची मोजतात, कारण कॉकपिटमध्ये पेडलला पाय पुरावे लागतात. माझ्या एका कानात मळ निघाला आणि तेवढ्यासाठी पुन्हा बोलावलं. जाणाऱ्यांनी कान आधीच डॉक्टरांकडून साफ करून घ्यावेत.

मेरिट लिस्ट लागली, पत्र आलं. मायनं ते देवापुढं ठेवलं, मग अप्पांनी मला दोनदा वाचायला लावलं. केरळात एझिमलाला भारतीय नौदल अकादमी आहे, जवळचं स्टेशन पय्यनूर. तिकिटं दोन काढली आहेत. सोयाबीन निघालंय, हरभऱ्याला एक पाणी देऊन अप्पा सोबत येणार आहेत. त्यांनीही अजून समुद्र पाहिलेला नाही.