उसनं रडगाणं

ब्रेकअपनंतरच्या तीन महिन्यांत मी एकच गाणं किती वेळा ऐकलं, याचा हिशेब माझ्या फोनकडे आहे. मी तो बघायला जात नाही. गाणं होतं बॉनी रेट या अमेरिकन गायिकेचं 'आय कान्ट मेक यू लव्ह मी', १९९१ सालचं.

मग या अवस्थेत बरेच जण करतात तेच मीही केलं. ते गाणं स्वतःच गायला घेतलं. ताई कीबोर्डवर, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून रेकॉर्डिंगला लावलेला. पहिल्या ध्रुवपदातच माझा आवाज कातरला, आणि खरं सांगते, मला मनातल्या मनात वाटलं, वा, काय लागलंय! ताईनं बोटं उचलली.

"अगं, तू रडतेयस. गात नाहीयेस."

दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हेडफोन लावून माझं रेकॉर्डिंग ऐकलं. प्रत्येक ओळ मध्येच तुटत होती, कारण मी भलतीकडेच श्वास घेत होते. शेवटचा शब्द तर इतका ताणलेला, की त्याचीच दया यावी. त्यावर लगेच रेटचं मूळ गाणं लावलं. रेट ओळ म्हणते आणि सोडून देते. उरलेलं काम ब्रूस हॉर्न्सबीचा पियानो करतो.

हे गाणं जन्मलं कसं, हे मला बरंच नंतर कळलं. माइक रीड आणि ॲलन शॅम्ब्लिन या दोघांनी ते लिहिलं. त्यातला रीड आधी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचा, चांगला धिप्पाड गडी. एका माणसानं दारूच्या नशेत प्रेयसीच्या गाडीवर गोळ्या झाडल्या, अशी बातमी पेपरात आली होती. न्यायाधीशांनी विचारलं, यातून काय शिकलास? तो म्हणाला, एखादीचं प्रेम नसेल तर ते जबरदस्तीनं करवून घेता येत नाही. त्या उत्तरावरून हे गाणं सुचलं. म्हणजे मी ज्याला माझं दुःख समजून उराशी धरलं होतं, त्याची सुरुवात कोर्टातल्या एका जबाबात होती! पुढे जॉर्ज मायकलनं ते गायलं, बॉन इव्हेरनं २०११ मध्ये गायलं. बॉन इव्हेरचा तो बारीक, वर चढवलेला आवाज मला आधी नाटकी वाटायचा. आता तसा वाटत नाही.

तेव्हापासून मला नादच लागला. प्रेमभंगाचं कुठलंही गाणं भेटलं की ते मुळात कुणाचं, कशावरचं, हे खणायचं. डॉली पार्टनचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' १९७४ चं, आणि ते प्रियकरावर नाहीच. ज्याच्या टीव्ही कार्यक्रमात ती गायची, त्या पोर्टर वॅगनरला सोडून स्वतःच्या वाटेनं जाताना लिहिलेला तो निरोप आहे. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते सिनेमासाठी गायलं. कराओकेला सगळे तिच्या त्या शेवटच्या चढाईवर तुटून पडतात आणि तोंडावर आपटतात. माझ्या मते जीव आहे तो सुरुवातीला. जवळपास पाऊण मिनिट एकही वाद्य नाही, नुसता गळा. तिथे लपायला जागाच नाही.

शिनेड ओकॉनरचं 'नथिंग कम्पेअर्स टू यू' मूळ प्रिन्स या अमेरिकन गायकाचं. १९९० च्या व्हिडिओत कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर रोखलेला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळतं. ते ठरवून आणलेलं नव्हतं, तिला आई आठवली होती. आई जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

(इथे तुम्ही म्हणाल, मग ती रडली ते चालतं? चालतं. डोळे वाहू देत, सूर हलला नाही ना!)

पण माझ्या कामी आली ती पॅट्सी क्लाइन ही अमेरिकन गायिका. १९६१ मध्ये विली नेल्सनचं 'क्रेझी' गायला ती स्टुडिओत आली, तेव्हा मोठ्या मोटार अपघातातून नुकती उठलेली होती. कुबड्या होत्या, बरगड्या दुखावलेल्या. वरचे सूर घेताना कळ यायची. शेवटी वादकांचं ध्वनिमुद्रण तेवढं झालं, आणि ती काही दिवसांनी परत येऊन गायली. म्हणजे काळजाला काय झालंय ते नंतर, आधी छातीत हवा मावली पाहिजे.

हे ताईला सांगितलं, तर तिनं पेन्सिल काढली. गाण्याच्या कागदावर श्वासाच्या जागी बारीक उभ्या रेघा मारल्या आणि पट्टी दोन स्वरांनी खाली आणली. "उगाच हिरोगिरी नको."

परत फोन चळतीला टेकवला. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा मला हसू फुटलं. तिसऱ्यांदा अख्खं गाणं पार पडलं आणि मग लक्षात आलं, त्या चार-पाच मिनिटांत तो मला एकदाही आठवला नव्हता. डोक्यात फक्त पुढची रेघ कुठे आहे एवढंच होतं.

ताईनं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते.

"दुसऱ्या कडव्यात एक रेघ चुकवलीस," ती म्हणाली.