पडौकचा लाल रंग मेपलमध्ये उतरू नये म्हणून

पडौक हे लाल आणि मेपल हे फिकट लाकूड, दोन्हींचे सहा-सहा तुकडे आलटून-पालटून चिकटवून २०० मिमी व्यासाचा वाडगा लेथवर काढला. आकार लवकर जमला. खरा वेळ गेला तो पडौकचा लाल रंग मेपलपासून लांब ठेवण्यात.

हा रंग दोन वाटांनी जातो. एक कोरडी: घासताना उडालेली लाल पूड मेपलच्या रंध्रांत बसते. दुसरी ओली: पॉलिशमधलं स्पिरिट किंवा थिनर रंग सोडवतं आणि फडक्याबरोबर तो शेजारच्या तुकड्यावर ओढला जातो. पडौक म्हणजे रक्तचंदनाचा भाऊबंद. दोन्हींतलं सँटलिन हे लाल रंगद्रव्य पाण्याला फारसं दाद देत नाही, स्पिरिटमध्ये मात्र लगेच सुटतं. त्यामुळे लाकूड कापण्याआधीच टाकाऊ तुकड्यावर चार पांढरी सुती फडकी वेगवेगळ्या द्रवांत भिजवून घासून पाहिली. स्पिरिटचं आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचं फडकं केशरी-लाल झालं, टर्पेंटाइनचं आणि पाण्याचं जवळपास पांढरंच राहिलं. पडौकच्याच कुळातला बिबळा वापरणाऱ्यांनी ही चाचणी नक्की करावी, कारण तो पाण्यातही रंग सोडतो.

मेपलऐवजी अ‍ॅश घ्यायचा विचार होता, तो सोडला. अ‍ॅशची रंध्रं मोठी आणि उघडी असतात. त्यांत लाल पूड एकदा दडपली गेली की निघत नाही.

एका कड्यात १२ तुकडे, म्हणून प्रत्येक टोक १५ अंशांत कापलं. बाहेरची लांबी ५६ मिमी ठेवली, म्हणजे कड्याचा व्यास २०९ मिमी येतो आणि लेथवर साफ करायला प्रत्येक बाजूला चारेक मिमी उरतात. पहिल्या कड्यात चूक झाली ती टोकं सँडिंग डिस्कवर घासताना. पडौक आणि मेपल हाताला येतील तसे घासले. डिस्कवरची लाल पूड मेपलच्या आडव्या टोकात शिरली, वरून फेविकॉलने ती आत ओढली आणि सांध्यालगत गुलाबी रेघ उमटली. ती इतकी आत गेली होती की घासून जाईना. कडं टाकून दिलं. दुसऱ्या वेळी आधी सगळा मेपल घासला, मग पडौक, आणि प्रत्येक टोकावर कंप्रेसरची हवा मारूनच चिकटवलं. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने पुसला नाही, कारण त्यानेही पूड पसरते. अर्ध्या तासाने तो रबरासारखा झाल्यावर पटाशीने सोलून काढला.

लेथवर मुख्य धोरण एकच: सँडपेपरचं काम कमीत कमी ठेवायचं. फेरा सुरू असताना तोच कागद प्रत्येक फेऱ्यात सहा वेळा पडौकवरून मेपलवर जातो, म्हणजे पूड भरवणंच झालं. म्हणून शेवटचे हात ताज्या धारेच्या गाऊजने (लेथवरची खोलगट पटाशी) आणि तिरप्या धरलेल्या स्क्रेपरने इतके हलके मारले की थेट २४० नंबरच्या सँडपेपरपासून सुरुवात करता आली.

त्याआधी सीलर, म्हणजे रंध्रं बंद करणारा थर. मेण काढलेली लाख, लिटरभर स्पिरिटला १२० ग्रॅम, स्प्रे गनने. स्पिरिट असूनही हे चालतं, कारण धुक्यासारखा हात ओघळायच्या आत सुकतो आणि त्यावर फडकं किंवा ब्रश फिरत नाही. लेथ बंद ठेवून वाडगा हाताने फिरवत असे तीन हात दिले. प्रत्येक हात पुरता वाळू दिला. पाण्यातलं सीलरही पडौकवर चालतं, पण त्याने तंतू उठतात आणि घासणं वाढतं, म्हणून मला लाखच बरी वाटते.

मग २४०, ३२०, ४००. वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास, दाब अगदी कमी, खाली व्हॅक्यूमचं तोंड. कागद लालसर दिसला की फेकला. दोन नंबरांच्या मध्ये फक्त हवा. स्पिरिटच्या फडक्याने पुसणं इथे सगळ्यात घातक. तोंडाला मास्क हवाच, पडौकची पूड नाका-घशाला त्रास देते.

तरी मेपलवर लाली दिसलीच, तर आधी कोरडा ताठ ब्रश आणि हवा. न गेल्यास तो डाग द्रावकाने आत नेलेला असतो. तेवढा तुकडा कार्ड स्क्रेपरने (खरवडायची पातळ पोलादी पट्टी) हलका खरवडून पुन्हा लाखेचा एक हात द्यायचा.

वरून टर्पेंटाइनने पातळ केलेल्या ऑइल व्हार्निशचे तीन पातळ हात दिले. पहिला हात देताना फडकं मेपलवरून पडौककडे नेलं आणि उचललं, उलट कधीच नाही. दुसऱ्या हातापासून ती काळजी लागली नाही.