बी, पान आणि आमचा घाणा

कराडचा आमचा लाकडी घाणा सासऱ्यांनी घातला. करडई, शेंगदाणा आणि थंडीत जवस. २०१६ साली मी हिशेबाच्या वह्या हातात घेतल्या आणि दोन-तीन वर्षांत सगळा व्यवहारच माझ्याकडे आला. आज आमच्या उलाढालीतला मोठा वाटा भांगेच्या झाडाचा आहे. हा विचार घरात पहिल्यांदा मांडला, तेव्हा अप्पा जेवता जेवता थांबले. म्हणाले, "सूनबाई, आपलं तेल लोक देवापुढच्या समईत घालतात. एवढं ध्यानात ठेव, मग काय करायचं ते कर."

बीज पडलं २०१९ मध्ये, अल्मोड्याच्या बाजूला. उत्तराखंड सरकारने २०१८ पासून औद्योगिक हेम्पच्या, म्हणजे कमी नशेच्या भांगेच्या, लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली होती. अट अशी की पिकात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांच्या आत हवा. तिथल्या एका घरी भांगेच्या भाजलेल्या बियांची चटणी खाल्ली. पाट्यावर वाटलेली, वर लिंबू. डोळे मिटले असते तर आपली कारळ्याची चटणीच वाटली असती. पिढ्यान्‌पिढ्या हे लोक ती रोज खातात, आणि नशा म्हणाल तर नावाला नाही.

परत आल्यावर मी १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा मुळातून वाचला. या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाने तो आधी वाचावा, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नये. कायद्याने चरस आणि गांजा धरला आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय वेगळं असलेलं बी आणि पान त्या व्याख्येतून वगळलं आहे. म्हणजे कायदा आधी विचारतो तो झाडाचा भाग. तुमच्या बाटलीत सीबीडी, म्हणजे भांगेतला नशा न आणणारा घटक, किती, हा त्याचा पहिला प्रश्नच नाही. मात्र पान सुटलं म्हणजे मोकळं झालं असं नाही. भांगेच्या पानांवर राज्यांचे नियम चालतात आणि आपल्याकडे त्यासाठी दारूबंदी कायदा आहे.

बी मोकळं असूनही आम्ही दोन वर्षं थांबलो, कारण अन्न म्हणून त्याचं मानकच नव्हतं. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ते नोव्हेंबर २०२१ मध्ये आणलं. बियांच्या तेलात टीएचसी किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर नको, सीबीडी ७५ च्या वर नको. हा ७५ चा आकडा मी ग्राहकांना नेहमी हिशेब करून दाखवते. पाव लिटर तेलाचं वजन साधारण २३० ग्रॅम. म्हणजे अख्ख्या बाटलीत सीबीडी जास्तीत जास्त सतरा मिलिग्रॅम. तेव्हा हेम्पच्या बियांचं तेल 'सीबीडी तेल' म्हणून कुणी विकत असेल, तर तो गिऱ्हाइकाला फसवतो आहे. हे तेल ओमेगा-३ साठी घ्यावं, चटणीवर, भातावर घालावं. तळणाला वापरू नये. ते उन्हात खराब होतं, म्हणून आम्ही गडद काचेच्या बाटलीत भरतो.

चूक आमच्याकडूनही झाली. पहिल्या खेपेच्या लेबलवर भांगेचं हिरवं पान छापून घेतलं होतं. छान दिसत होतं. बाटल्या भरून, लेबलं लावून झाल्यावर मी अधिसूचना पुन्हा वाचायला घेतली: बियांखेरीज झाडाच्या कोणत्याही भागाचं चित्र चालणार नाही, सीबीडीबद्दल आरोग्याचा दावा चालणार नाही. त्या रात्री मी, जाऊबाई आणि पॅकिंगच्या दोघी अशा चौघींनी गरम पाण्याच्या फडक्याने एकेक लेबल भिजवून खरवडलं. पहाटे चार वाजता शेवटची बाटली कोरी झाली. एकही बाटली पान घेऊन दुकानाबाहेर गेली नाही, याचं मला आजही समाधान आहे.

मग लोक खऱ्या सीबीडीबद्दल विचारू लागले. गुडघे, झोप, आईचा कंप. सीबीडी असलेला पानांचा अर्क हे औषध आहे, अन्न नव्हे. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात आणि जातिफलादी चूर्णात ती आहेच. औषध कायद्याच्या नियमांत ती अनुसूची ई(१) मध्ये येते, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत. त्यामुळे पोटात घेण्याच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापावी लागते. आमचा स्वतःचा औषधाचा कारखाना नाही. परवानाधारक कारखान्यात, लोन लायसन्सवर, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात आपलं औषध बनवून घेण्याच्या परवान्यावर, आम्ही विजयेचं तेल बनवून घेतो. वैद्यांची चिठ्ठी आल्याशिवाय ती बाटली आम्ही पाठवत नाही. चिठ्ठीचा फोटो चालतो, तोंडी निरोप चालत नाही.

एका व्यापाऱ्याने परदेशी सीबीडी पावडर देऊ केली होती, नव्याण्णव टक्के शुद्ध म्हणून. ती आपण कुठल्या परवान्यात बसवायची? बियांच्या मानकात बसत नाही, आयुर्वेदाच्या ग्रंथात बसत नाही. आधुनिक औषध म्हणून आणायची तर केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी हवी. भाव चांगला होता, पण आम्ही नाही म्हटलं. कॅन्सर, मधुमेह, फिट्स बरे होतात अशी जाहिरात करा, असा सल्लाही मिळाला. १९५४ चा जाहिरात कायदा त्याला मनाई करतो, आणि कायदा नसता तरी आजारी माणसाच्या घरात आम्ही तसलं खोटं पाठवलं नसतं.

त्रासही झाला. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या एका कंपनीने 'हेम्प' शब्द पाहून आमचं खातं तीन महिने गोठवलं. पगार मी सोसायटीतून कर्ज काढून केले. तेव्हापासून प्रत्येक पार्सलला प्लॅस्टिकचा एक खिसा चिकटवलेला असतो, त्यात परवान्याची प्रत आणि त्या खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल. कुणी वाटेत पार्सल उघडलं तर कागद आधी हाताला लागावा.

मागच्या आठवड्यात साताऱ्याच्या एक काकू आल्या. लेक दुबईत, तिच्यासाठी विजयेची बाटली बॅगेत घालून न्यायची होती. मी दिली नाही. तिथले कायदे फार कडक आहेत, इथली चिठ्ठी तिथे कामाची नाही, लेकीलाही त्रास होईल. काकू जरा नाराज झाल्या, मग जवसाचं तेल घेऊन गेल्या.

विजयेची पुढची खेप या महिन्यात व्हायची होती. पानं ज्या परवान्यावर उचलली, त्या परवान्याची प्रत अजून कारखान्याकडून आलेली नाही. ती फाइलला लागली की बाटल्या भरू. ज्यांनी मागणी नोंदवली आहे त्यांना मी स्वतः फोन केले आहेत.